निरोग्यांच्या यादीत

परभणीच्या आसपासच्या खेड्यांत मला 'रगतवाली बाई' असं नाव पडलं होतं. मला त्याचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटायचा. एम.एस्सी. झालेल्या, सत्तावीस वर्षांची होऊनही लग्न न जमलेल्या मुलीला त्या काळी लोक जी नावं ठेवायचे, त्यांच्या मानानं हे बरंच सन्मानाचं होतं. पुढं याच नावानं माझा घात केला. घात माझा झाला असं मी अजून म्हणते, ही वाईट खोड आहे. झाला तो दुसरीचा.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ होता. शहरातल्या विद्यापीठात मी पीएच.डी.साठी नाव घातलं होतं आणि माझे मार्गदर्शक, ज्यांना मी आजही नुसतं 'सर' म्हणते, त्यांनी मला विषय दिला होता तो असा: दमा असलेल्या माणसांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आपल्या डीएनएची दुरुस्ती कशी करतात. घरी आईला हे समजावून सांगताना मला घाम फुटला होता. शेवटी मी म्हणाले, "आई, पेशीच्या आत एक लांबच लांब धागा असतो. तो रोज कुठं ना कुठं विरतो. उन्हानं, धुरानं, कधी काही कारण नसतानाही. आणि पेशी तो रोज आतल्या आत रफू करते. दम्याच्या माणसांच्या छातीत सारखी सूज, सारखी आग. मग त्यांच्या पेशींचं हे रफूकाम कमी पडतं का, ते मला बघायचंय." आई म्हणाली, "कमी पडतंय हे कळलं तर तू काय दोरा पुरवणार हायस का?"

काम असं चालायचं. खेड्यात जाऊन रक्त घ्यायचं, थर्मासमध्ये बर्फात ठेवायचं, आणि छोट्या लाइनीच्या गाडीनं शहर गाठायचं. तिथं पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, काही सेकंद अतिनील दिव्याखाली धरायच्या, म्हणजे मुद्दाम धागा विरवायचा. मग खुणेचा किरणोत्सारी पदार्थ घालून पेशींना दुरुस्तीसाठी थोडे तास द्यायचे. शेवटी काचेच्या पट्टीवर घेऊन, फोटोच्या फिल्मला असतं तसलं द्रावण चढवून त्या स्लाइड महिनाभर फ्रीजमध्ये काळ्या डब्यात ठेवायच्या. डबा उघडून धुतलं की सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीवर काळे ठिपके दिसायचे. ठिपके जास्त म्हणजे दुरुस्ती जास्त. दाट ठिपक्यांची पेशी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीसारखी दिसायची. विरळ ठिपक्यांची पेशी पाहिली की मला उगीच थंडी वाजायची.

नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाचं नाव बदलावं की बदलू नये यावरून दर दोन महिन्यांनी बंद व्हायचा, एस.ट्या थांबायच्या, आणि मी जमवलेलं रक्त थर्मासमध्ये नासून जायचं. अठ्ठ्याहत्तर साली आमच्या भागात घरं जळाली होती. त्याबद्दल कुणी तोंड उघडून बोलत नसे, पण ते कुठं गेलेलंही नव्हतं. एका गावात मी आधी दलित वस्तीत रक्त घेतलं आणि मग पाटलाच्या ओट्यावर बसले, तर एका म्हाताऱ्यानं बाही वर करता करता विचारलं, "बाई, आमचं रगत त्यायच्या डब्यात तर न्हाई ना ठिवणार?" मी म्हणाले, "बर्फ एकच हाय, काका. वेगळा पाहिजे असंल तर घरून आणा." त्यानं बाही खाली केली आणि घरात निघून गेला. माझ्या जिभेला हाड नव्हतं तेव्हा. म्हणून तर पुढं जिथं ती चालायला हवी होती तिथं ती कशी अडली, याचं मला जास्त वाईट वाटतं.

दमेकरी मिळायला अडचण नव्हती. आमच्याकडं कापूस आहे, ज्वारीची खळी आहेत, चुलीचा धूर आहे, आणि त्या वर्षांत गाजरगवत तर बांधावरून थेट अंगणात शिरलं होतं. अडचण होती ती निरोगी माणसांची. तुलनेसाठी तेवढीच निरोगी माणसं लागायची, त्याच वयाची, त्याच गावची. आणि धडधाकट माणूस सुई कशाला टोचून घेईल? शेवटी मी नात्यातल्यांकडं वळले. पोखर्णीच्या पुढं माझ्या मामाचं गाव आहे. दिवाळीनंतरच्या एका सकाळी मामाच्या ओसरीवर मी सुया उकळायला ठेवल्या, आणि सगळी गल्ली तमाशा बघायला गोळा झाली.

कुणी पुढं येईना. तेवढ्यात मामीनं आपल्या पोरीचा दंड धरून तिला माझ्यासमोर बसवलं. ही माझी मामेबहीण, एकोणीस वर्षांची, दहावी झालेली, हसताना तोंडावर पदर धरणारी. मामी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिचं घे की! हिला काय धाड भरलीय!" मी कागद काढला. कधी दम लागतो का, छातीत घरघर होते का, काही औषध चालू आहे का. तिन्ही प्रश्नांची उत्तरं मामीनं दिली आणि तिन्ही वेळा मी 'नाही' लिहिलं. पोरगी माझ्या हातातल्या सुईकडं बघत होती. तिला सुईची भीती वाटतेय असं मला वाटलं.

स्लाइड मोजणाऱ्याला कुठली स्लाइड कुणाची हे कळू द्यायचं नाही, असा नियम होता. म्हणून प्रत्येक स्लाइडला सर नुसता नंबर घालायचे आणि कोण आजारी, कोण निरोगी याची यादी सरांच्या कपाटात. जानेवारीत मी एकतीस नंबरची स्लाइड मोजली. पेशीमागून पेशी सरकत होती आणि ठिपके जवळजवळ नव्हतेच. कुणी तरी जुना, खंगलेला दमेकरी असणार असं धरून मी आकडा लिहिला. पंधरा दिवसांनी सरांनी यादी उघडली तेव्हा एकतीस नंबर निरोग्यांत निघाला. नंबरापुढची तारीख मी माझ्या वहीत शोधली. मामाच्या ओसरीवरची ती पोरगी.

सर म्हणाले, "एका माणसाच्या स्लाइडवरून काहीही ठरत नाही, हे तुला माहीत आहे. माणसामाणसांत फरक असतो. आपल्याला घोळका लागतो. पण एकदा विचारून ये, ती काही गोळ्या घेते का. दम्याच्या काही गोळ्यांनीसुद्धा ही दुरुस्ती मंदावते असं म्हणतात." हे त्यांचं वाक्य मी नीट लिहून ठेवलं होतं. आमचं तंत्र एकेका माणसाबद्दल गप्प असतं, हे मला पाठ होतं. दुसऱ्यांना मी ते तोंडानं सांगतही होते. कारण एव्हाना लोक घरी येऊ लागले होते. "बाई, पोरगी बघायलोत, तिचं रगत बघून सांगता का, दमा-बिमा हाय का ते." पत्रिकेच्या जोडीला आता रगत आलं होतं. मी त्यांना हसून परत पाठवायची आणि जेवताना घरच्यांना नक्कल करून दाखवायची. वडील हसायचे. आई हसत नसे.

मामेबहिणीला विचारायला मला गावी जावं लागलं नाही. ती आमच्याच घरी होती. ज्वारीची खळी सुरू झाली की दरवर्षी महिना-दीड महिना ती आमच्याकडं राहायला यायची, शिवणकामाच्या क्लाससाठी. तीन वर्षं येत होती. अर्धवट झबल्यांचा ढीग पडला होता, आणि हिला खळ्याच्याच दिवसांत शिवण का शिकायची असते हा प्रश्न दम्यावर संशोधन करणाऱ्या मला एकदाही पडला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी थर्मास घेऊन घातला होता.

दुपारी मागच्या पडवीत ती मशीन चालवत होती. मी समोर बसले आणि सरळ विचारलं. तिनं पाय थांबवला. आधी नाही म्हणाली, मग रिळं ठेवायचा पत्र्याचा डबा उघडून खालची चिंधी बाजूला केली. खाली पांढऱ्या गोळ्यांची पाकिटं होती.

"कधीपासून?"

"तिसरं वर्ष लागलंय. मायला ठावं हाय. बाबाला अर्धं ठावं हाय." तिनं डबा लावून टाकला. "आक्का, कुनाला सांगू नको."

मग तिनं सांगितलं. दोन स्थळं दम्याच्या वासानं मोडली होती. आता तिसरं आलं होतं, पेडगावच्या बाजूचं. कापसाचं मोठं घर. पोरगा बघायला आला तेव्हा त्यानं मान वर करून तिला विचारलं होतं, अजून शिकायचंय का म्हणून. "मला आजपर्यंत कुनी इचारलं न्हवतं," ती म्हणाली. हे मोडलं तर चारठाण्याकडचा एक बिजवर तयार होता, दोन लेकरांचा बाप. मामीनं तिला ते रोज ऐकवायला सुरुवात केली होती. "त्यायला खबर लागलीय कुठून तरी. ते तुला इचारायला येनार हायेत. तू रगत घेतलंस हे साऱ्या गावाला ठावं हाय. आक्का, तू निरोगी म्हनलीस की झालं. तुझा शब्द कोन मोडतंय?"

मी तिला म्हणाले की लग्न झाल्यावर लपवणार कसं? खळं आहे, कापूस आहे. ती म्हणाली, "तितं गेल्यावर मी त्यायला हळूहळू सांगीन. ते समजूतदार हायेत. आधी जाऊ तर दे." तिच्या डोळ्यांत इतकी आशा होती की मला तिचा राग आला, आणि लगेच माझा स्वतःचाही. मी काहीच कबूल केलं नाही. नाहीही म्हणाले नाही. त्या आठवड्यात मी शहरात जाऊन सरांना सांगितलं, ती गोळ्या घेते. सर म्हणाले, मग नमुना वगळून टाक. मी तांबड्या शाईनं एकतीस नंबर खोडला. निरोग्यांच्या यादीतून एक नाव कमी झालं, आणि ते आजाऱ्यांच्या यादीतही गेलं नाही.

ते आठवड्याभरानं आले. पोराची आई आणि पोराचे चुलते. बाई काळीसावळी, उंच, कष्टानं वाकलेली, पण बोलायला मऊ. चहा झाला. मामी आधीच येऊन आत माझ्या आईजवळ बसली होती आणि दाराच्या फटीतून तिचा हिरवा पदर मला दिसत होता. मामेबहीण मागच्या पडवीत होती. मशीनचा आवाज बंद पडला होता.

बाई म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या, म्हून तुमच्याकडं आलो. लोकं काय, दहा तोंडं. म्हनतेत त्या घरात दमा हाय. माझी जाऊ दम्यानं गेली वो. मी तिला मांडीवर घेऊन बसलेली हाय. पुन्हा ते डोळ्यानं बगायची माझ्यात ताकत न्हाई. तुमी तिचं रगत घेतलं व्हतं म्हनं. कोनत्या यादीत व्हती पोरगी?"

तिनं 'होती' म्हटलं. मला ते धरून बसायला बरं पडलं.

"निरोग्यांच्या यादीत," मी म्हणाले.

"यंत्राखाली बगितलं ना तुमी?" चुलत्यांनी विचारलं.

"हो. मीच बघितलं."

दोन्ही वाक्यं खरी होती. एवढं खरं बोलून एवढं मोठं खोटं सांगता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. बाईनं माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. तिचे तळवे खरबरीत होते. "बस झालं. आता लोकं काई का म्हनंनात," ती म्हणाली आणि मोकळं हसली. त्यांची पाठ फिरल्यावर मामीनं माझ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. मामेबहीण पडवीतून आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, आणि मनात म्हणत होते की हे चांगलंच झालं.

लग्न वैशाखात झालं. पावसाळा बरा गेला. दसऱ्याला ती आली तेव्हा अंगानं भरली होती, आणि नवरा तिला बारावीचा फॉर्म भरून देणार होता. दम्याचं सांगितलंस का, मी विचारलं. "सांगते ना. घाई काय हाय," ती म्हणाली.

संक्रांतीला मी तिच्या सासरी गेले. त्या वर्षी कापूस बक्कळ आला होता आणि खरेदी केंद्रावर नंबर लागत नव्हता, म्हणून सगळ्यांच्या घरात कापूस पडून होता. तिच्या घरात एक अख्खी खोली आढ्यापर्यंत भरली होती. दार उघडं होतं आणि दारातून पांढरा ढीग ओसरीवर उतरला होता. सगळ्या घरावर, उतरंडीवर, देवाच्या फोटोवर, तिच्या केसांवर बारीक तंतू बसले होते. बायका बसून कापसातला पाला-काडी वेचत होत्या. तिनं मला पाहिलं आणि उठली, आणि उठताना तिनं दाराची चौकट धरली. एवढ्या साध्या उठण्याला ती चौकट का धरते, हे तिथं कुणाला दिसत नव्हतं. मला दिसलं.

हळदीकुंकवाच्या गर्दीत आम्हाला न्हाणीजवळ दोन मिनिटं मिळाली. तिच्या गळ्याच्या खळगीत कातडी आत ओढली जात होती.

"सांगितलंस का?"

"सांगितलं," ती म्हणाली. वाक्य तोडून तोडून बोलत होती. "मालकाला बी सांगितलं. आत्याबाईला बी सांगितलं."

"मग?"

"घरचे लय चांगले हायेत, आक्का. कुनी वंगाळ बोलत न्हाई." ती दम घ्यायला थांबली. "फकस्त मानत न्हाईत."

मी विचारायला हवं होतं, का मानत नाहीत. मला उत्तर ठाऊक होतं, म्हणून मी विचारलं नाही. गोळ्या संपल्या होत्या. निरोगी सून दवाखान्यात कशाला जाईल? मी तिळगुळाच्या पुड्यात परभणीहून आणलेली गोळ्यांची दोन पाकिटं सारली आणि तिच्या सासूला नमस्कार केला. सासू ओसरीवर होती. मी तिच्यासमोर उभी राहिले. बोलायला तोंड उघडलं. बाजूला आठ-दहा बायका होत्या, समोर वाणाची ताटं होती, आणि ती बाई मला म्हणाली, "बाई, तुमच्या शब्दावर सोन्यासारखी सून आणली मी." मी तोंड मिटलं. एस.टी.त बसल्यावर मी ठरवलं की पत्र लिहीन. मग ठरवलं की पुढच्या रविवारी येऊन नीट सांगेन. पुढच्या रविवारी बंद होता. त्याच्या पुढच्या रविवारी शहरात माझं सादरीकरण होतं. त्याच्या पुढचं कारण तर मला आठवतही नाही.

ज्वारीचं खळं पडलं तेव्हा ती गेली. मळणी यंत्र लावलं होतं आणि ती पाट्या देत होती. खाली बसली ती उठली नाही. ट्रॅक्टरमध्ये घालून परभणीला आणेपर्यंत सगळं संपलं होतं. मी त्या वेळी शहरात स्लाइड मोजत होते. दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा मामी माझ्याकडं बघेना आणि मी मामीकडं. आम्ही दोघींनी एकमेकींना धरून रडायला हवं होतं. आम्ही तसं कधीच केलं नाही, आणि मामी गेली तोवर आमचं बोलणं सणावारापुरतं उरलं होतं.

माझा प्रबंध पुरा झाला. त्यात मागच्या भागात एक ओळ आहे: 'संशयास्पद असल्यामुळे निरोगी गटातील एक नमुना वगळण्यात आला आहे.' तोंडी परीक्षेत कुणीही त्या ओळीवर बोट ठेवलं नाही. मला परभणीतच कॉलेजात नोकरी लागली. लोक पेढे खायला आले. मी पेढे वाटले. रात्रीची झोप तेवढी गेली, आणि कुणी जोरात खोकलं की मी अजूनही उठून उभी राहते.

वर्ष होऊन गेल्यावर, एका शनिवारी, बाजारच्या दिवशी, दुपारी दारात तीच बाई, मामेबहिणीची सासू, उभी होती. उंच, वाकलेली. तिच्या मागं एक साधारण अठरा वर्षांची पोरगी, आणि पोरीच्या मागं पोरीची आई. बाईनं पायऱ्यांवर चप्पल काढली आणि आत येऊन सतरंजीवर बसली.

"लेकराची जिंदगी तशीच कशी सोडायची, बाई," ती म्हणाली. "ही पोरगी बगितलीय. येवढं हिचं रगत बगून सांगा. आता जरा नीट बगा. मागच्या टायमाला यंत्राची काई चूक झाली असंल. मी तुमाला बोल लावत न्हाई. यंत्र हाय, चुकतंय."

ती मला सोडवत होती. ज्या माणसाला मी बुडवलं तोच मला हात देत होता, आणि मला स्वतःची शिसारी आली. मी तिच्यासमोर खाली बसले.

"मावशी, यंत्र चुकलं नव्हतं," मी म्हणाले. "तिला दमा होता. तुम्ही आलात त्याच्या आधीच मला माहीत झालं होतं. ती गोळ्या घ्यायची. मी तुमच्याशी खोटं बोलले."

बाईला रडू आलं नाही, रागही आला नाही. मग ती माझ्याशी नाही, समोरच्या भिंतीशी बोलायला लागली.

"ती म्हनायची, आत्याबाई, मला दम लागायलाय. मी म्हनायची, तुला कशाचा दम, तुझं रगत तपासून आनलंय मी. हाव का न्हाई?" ती थांबली. "येक दिवस तर मी तिला सोंगाडी म्हनले, बाई. चार मानसांत म्हनले. ती हसली. म्हनली, चुकलं माझं. आन् पाटी उचलली तिनं."

बाहेर बाजारातून येणारी माणसं हसत-बोलत चालली होती. मला वाटलं की ती आता उठेल, मला शिव्या देईल, गावभर सांगेल. तिनं तसं करावं अशी माझी फार इच्छा होती. पण ती उठली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि दाराशी अवघडून बसलेल्या त्या पोरीकडं वळली.

"हिकडं ये गं," ती म्हणाली. पोरगी पुढं सरकली. बाईनं तिची हनुवटी वर केली. "रगत-बिगत काई नगं आता. मीच तुला इचारते, तूच मला सांग. तुला दम लागतो का? लागत असंल तर लागतो म्हन. मी लगीन मोडनार न्हाई. देवाशपथ मोडनार न्हाई. फकस्त खरं सांग."

पोरीनं आधी आपल्या आईकडं पाहिलं, आणि मग म्हणाली, "न्हाई."